चालू प्रोग्रॅमला स्वतःचा पाथ कसा शोधायचा: लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि इतर

प्रोग्रॅमला आयकॉन, भाषांतराच्या फाइली किंवा एखादा सहायक प्रोग्रॅम आपल्या शेजारून उचलायचा असतो. नवशिके सहसा "डेटा/आयकॉन" असा सापेक्ष पाथ लिहून मोकळे होतात. स्वतःच्या फोल्डरमधून चालवलं की सगळं ठीक असतं, दुसरीकडून चालवलं की "फाइल सापडली नाही". याचं कारण असं, की सापेक्ष पाथ वर्किंग डिरेक्टरीपासून (प्रोसेसचं चालू फोल्डर) मोजला जातो, एक्झिक्युटेबलपासून (प्रोग्रॅमची चालवायची फाइल) नाही. आणि वर्किंग डिरेक्टरी तुमचा प्रोग्रॅम ठरवत नाही, त्याला सुरू करणारा ठरवतो. मॅकवर फाइंडरमधून डबल क्लिक केलं तर ती बहुधा नुसती "/" असते. विंडोजची सर्व्हिस असेल तर सिस्टिम३२ फोल्डर. शॉर्टकट असेल तर त्या शॉर्टकटच्या "स्टार्ट इन" रकान्यात जे लिहिलंय ते.

म्हणून एक्झिक्युटेबलचा पूर्ण पाथ हवा. तो मिळवायची सगळ्या सिस्टिमवर चालेल अशी एकच पद्धत पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकात नाही, सी किंवा सी++च्या मानक लायब्ररीतही नाही. प्रत्येक सिस्टिमला तिच्या पद्धतीने विचारावं लागतं. (खाली फंक्शनांच्या लांब नावांत हायफन वाचायच्या सोयीसाठी घातले आहेत, कोडमध्ये त्या जागी काहीच नसतं, किंवा टिंब वा अंडरस्कोअर असतं.)

पायरी १: नक्की काय हवंय ते ठरवा

तीन वेगळे प्रश्न इथे एकमेकांत मिसळतात. मला कोणत्या नावाने हाक मारली? मेमरीत चढलेली फाइल डिस्कवर कुठे आहे? माझ्या डेटा फाइली कुठे आहेत? पहिल्याचं उत्तर आर्गव्ही[०] (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या आर्ग्युमेंटच्या यादीतला पहिला घटक), दुसऱ्याचं कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, आणि तिसऱ्याचं उत्तर तुमच्या इन्स्टॉलेशनच्या रचनेत. या विषयातले बहुतेक बग एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात.

पायरी २: आर्गव्ही[०] वर विसंबू नका

आर्गव्ही[०] मध्ये प्रोग्रॅमचं नाव असतं हा केवळ संकेत आहे. तिथे काय ठेवायचं हे एक्झेकव्हीई (प्रोग्रॅम सुरू करणारा सिस्टिम कॉल) वापरणारा ठरवतो. शेलमध्ये नुसतं नाव टाइप केलं आणि शेलने ते पाथ व्हेरिएबलमधून (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) शोधलं, तर तिथे नुसतं नावच येतं, फोल्डर नाही. लॉगिन शेलच्या नावापुढे एक डॅश लावलेला असतो. बॅशमध्ये "एक्झेक" ला "-ए" पर्याय देऊन वाटेल ते नाव घालता येतं. करून पाहा, दोन मिनिटांत खात्री पटते.

आर्गव्हीची ही यादी रिकामीही असू शकते. पीकेएक्झेक या सेटयूआयडी (चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅममधली, जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली पीडब्ल्यूएनकिट ही त्रुटी (सीव्हीई-२०२१-४०३४) त्यातूनच आली: आर्गसी (आर्ग्युमेंटची संख्या) शून्य असेल हे कोडने गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे यादीच्या पलीकडची मेमरी वाचली आणि लिहिली गेली. लिनक्स ५.१८ पासून कर्नल अशा वेळी स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग भरतो, पण जुन्या कर्नलवर आणि इतर सिस्टिमवर तुमच्या कोडला तपासणी करावीच लागेल.

आर्गव्ही[०] चा खरा उपयोग वेगळा आहे. बिझीबॉक्समध्ये एकच फाइल शेकडो कमांडचं काम करते, आणि कोणत्या नावाच्या सिमलिंकवरून (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) बोलावलं हे पाहून वागते. मदतीच्या मजकुरात नाव छापायलाही ते योग्य. पाथसाठी नाही.

पायरी ३: लिनक्स

कर्नल प्रॉक या आभासी फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोसेससाठी "/प्रॉक/सेल्फ/एक्झी" ही लिंक ठेवतो. ती रीडलिंक या फंक्शनने वाचायची. वाचायला सोपी आहे, पण रीडलिंकच्या वागण्यात तीन खाचखळगे आहेत.

रीडलिंक स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट घालत नाही. बफर लहान पडला तर चूक न सांगता जेवढं मावेल तेवढं भरून परत येतो. आणि एलस्टॅटने (लिंकची माहिती देणारं फंक्शन) आधी लांबी विचारावी, तर प्रॉकमधल्या लिंकचा आकार शून्य दाखवला जातो. म्हणजे आधी मोजून मग वाचण्याचा मार्ग बंद. उरतो तो लूप, असा:

२५६ बाइटचा बफर घ्या. रीडलिंकला बफर आणि त्याची पूर्ण लांबी द्या. उत्तर -१ आलं तर थांबा आणि एररनो (चुकीचं कारण सांगणारा क्रमांक) पाहा. उत्तर बफरच्या लांबीएवढंच आलं तर पाथ कापला गेला असण्याची शक्यता आहे. बफर दुप्पट करून पुन्हा विचारा. उत्तर लांबीपेक्षा कमी आलं की काम झालं: जेवढे बाइट मिळाले, त्या क्रमांकाच्या जागी शून्य ठेवा. म्हणजे ४१ बाइट आले, तर बफर[४१] मध्ये शून्य. पाथ-मॅक्स म्हणजे ४०९६ चा स्थिर बफर घेतला तरी बहुतेकदा निभावतं, पण तेव्हाही उत्तर बफरएवढं आलं का ही तपासणी गाळू नका.

"(डिलीटेड)" हा शेपटा सगळ्यांत जास्त गोंधळात टाकतो. प्रोग्रॅम चालू असताना पॅकेज मॅनेजरने नवी आवृत्ती बसवली, तर तो नवी फाइल जुनीच्या नावावर आणून ठेवतो. जुनी फाइल फोल्डरमधून गेली, पण चालू प्रोसेसने ती धरून ठेवलेली असते. मग लिंक वाचली की पाथ, एक स्पेस आणि कंसात इंग्रजीत "डिलीटेड" असा मजकूर येतो. तो कापून टाकावा असं वाटतं, पण खरोखर त्याच नावाने संपणारी फाइलही असू शकते. कापायचं असेल तर आधी पूर्ण नावाची फाइल आहे का ते स्टॅटने पाहा, आणि नसेल तरच शेपटा काढा. तेव्हाही लक्षात असू द्या, की उरलेल्या पाथवर आता नवी आवृत्ती बसलेली आहे.

इथेच एक उपयोगी गोष्ट मिळते. "/प्रॉक/सेल्फ/एक्झी" नुसती मजकुराची लिंक नाही. ती थेट उघडली, किंवा तिच्यावरच एक्झेकव्हीई केलं, तर फाइल पुसली गेलेली असली तरी जुनीच प्रत मिळते. प्रोग्रॅमला स्वतःची आणखी एक प्रोसेस त्याच आवृत्तीने सुरू करायची असेल तर हेच करावं. नव्या आवृत्तीने पुन्हा सुरू व्हायचं असेल, तर मात्र सुरुवातीला नोंदवून ठेवलेला पाथ वापरावा.

कधी ही लिंक मिळतच नाही. सीएचरूटमध्ये (प्रोसेसला वेगळं मूळ फोल्डर दाखवलेलं असताना) किंवा हाताने बनवलेल्या लहान कंटेनरमध्ये प्रॉक माउंट केलेलं नसतं. अनेक थ्रेडच्या प्रोसेसमध्ये मुख्य थ्रेड आधी संपला असेल तरीही ती वाचता येत नाही. अशा वेळी गेट-ऑक्सव्हॅल फंक्शनला एटी-एक्झेकएफएन विचारता येतं. एक्झेकव्हीईला दिलेला पाथ जसाच्या तसा मिळतो, पण तो सापेक्ष असू शकतो, म्हणून हा दुय्यम उपाय.

आणखी दोन प्रसंग. स्क्रिप्ट चालवली तर ही लिंक इंटरप्रिटरकडे बोट दाखवते, स्क्रिप्टकडे नाही. डायनॅमिक लोडरला (प्रोग्रॅमच्या लायब्ररी मेमरीत चढवणारा) थेट बोलावून प्रोग्रॅम चालवला, तर ती लोडरकडे बोट दाखवते. दोन्ही वेळा कर्नल बरोबरच सांगत असतो, कारण एक्झेकव्हीईने चढवलेली फाइल तीच.

पायरी ४: विंडोज

इथे गेट-मॉड्यूल-फाइल-नेम-डब्ल्यू हे फंक्शन. पहिला पॅरामीटर नल दिला की ते चालू प्रोसेसच्या एक्झिक्युटेबलचा पाथ देतं. शेवटी डब्ल्यू असलेलंच घ्या. ए असलेली आवृत्ती पाथ सिस्टिमच्या कोड पेजमध्ये (अक्षरांच्या एन्कोडिंगचा तक्ता) उतरवते, आणि जे अक्षर त्या कोड पेजमध्ये नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. वापरकर्त्याच्या फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, तर ए आवृत्तीने मिळालेला पाथ उघडता येणार नाही.

आता बफरची गोष्ट. जुन्या कोडमध्ये मॅक्स-पाथ म्हणजे २६० अक्षरांचा बफर सर्रास दिसतो. विंडोजच्या लांब पाथची मर्यादा सुमारे ३२,७६७ अक्षरं आहे, आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतची माहितीची फाइल) तशी नोंद केलेले प्रोग्रॅम, रजिस्ट्रीत परवानगी असेल तर, साध्या फंक्शनांनीही लांब पाथ वापरू शकतात. पाथ बफरमध्ये मावला नाही तर फंक्शन तो कापून देतं आणि बफरची लांबीच परत करतं. २६० चा बफर दिला आणि २६० परत आले, म्हणजे पाथ अपुरा आहे. अशा वेळी गेट-लास्ट-एररमध्ये १२२ हा क्रमांक मिळतो. विंडोज एक्सपीवर मात्र तो मिळत नसे, आणि स्ट्रिंगच्या शेवटी शून्यही नसे. त्यामुळे एररच्या क्रमांकापेक्षा परत आलेला आकडा बफरएवढा आहे का हे पाहणं जास्त भरवशाचं. लिनक्ससारखाच लूप लावा: २६० पासून सुरुवात, मग दुप्पट, आणि ३२,७६८ वर थांबा. शून्य परत आलं तर ती खरी चूक.

मिळालेला पाथ नेहमी तुम्हाला अपेक्षित रूपातच असेल असं नाही. प्रोग्रॅम जसा सुरू केला तसा तो येतो: कधी टिल्डवालं आठ-तीनचं छोटं नाव, कधी सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेषा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी तिरकी रेषा असा उपसर्ग. सिमलिंकही उलगडलेली नसते. मूळ पाथ हवा असेल तर फाइल उघडून तिच्या हँडलवर गेट-फायनल-पाथ-नेम-बाय-हँडल-डब्ल्यू चालवा. त्यातही तो उपसर्ग येतो, म्हणून दोन पाथची तुलना करण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणा.

चालू असलेली डॉट एक्झी फाइल विंडोज पुसू देत नाही, पण तिचं नाव बदलू देते. स्वतःला अपडेट करणारे प्रोग्रॅम याचाच फायदा घेतात. नाव बदलल्यावरही गेट-मॉड्यूल-फाइल-नेम जुनाच पाथ सांगत राहतं. लिनक्सवर याच्या उलट: चालू फाइलचं नाव बदललं की लिंकमध्ये नवं नाव दिसतं.

तुमचा कोड डीएलएलमध्ये (प्रोग्रॅमला जोडली जाणारी लायब्ररी फाइल) असेल, एखाद्या मोठ्या प्रोग्रॅमचं प्लगइन म्हणून, तर नल देऊन यजमान प्रोग्रॅमचा पाथ मिळेल. आपल्या डीएलएलचा हवा असेल तर गेट-मॉड्यूल-हँडल-ईएक्स-डब्ल्यूला आपल्याच एखाद्या फंक्शनचा पत्ता देऊन हँडल मिळवा आणि नलच्या जागी ते द्या. युनिक्स कुळात हेच काम डीएलअॅडर करतं.

पायरी ५: मॅकओएस

एनएस-गेट-एक्झिक्युटेबल-पाथ, नावाआधी एक अंडरस्कोअर. हे डीवायएलडी या लोडरचं फंक्शन, "मॅक-ओ/डीवायएलडी" हेडरमध्ये जाहीर केलेलं. त्याला बफर आणि लांबीचा पॉइंटर द्यायचा. ० परत आला तर काम झालं. -१ आला तर लागणारी लांबी त्याच पॉइंटरमधून मिळते. तेवढा बफर घेऊन पुन्हा विचारा. दुप्पट करत बसायची गरज नाही, ही याची चांगली बाजू.

मिळालेला पाथ "एक" पाथ असतो, एकमेव नाही: त्यात सिमलिंक किंवा दोन टिंबं असू शकतात. ते उलगडणाऱ्या रिअलपाथ या फंक्शनमधून काढून घ्या. रिअलपाथला दुसरा पॅरामीटर नल दिला की तो स्वतः मेमरी घेतो, ती मोकळी करायला विसरू नका.

अॅप बंडलमध्ये (अॅपच्या सगळ्या फाइली असलेलं फोल्डर) एक्झिक्युटेबल "कंटेंट्स/मॅकओएस" मध्ये असतं आणि डेटा "कंटेंट्स/रिसोर्सेस" मध्ये. बंडलसाठी पाथची जोडाजोड करण्यापेक्षा एनएसबंडलच्या मेन-बंडलला विचारणं सरळ. मात्र बंडलच्या शेजारी ठेवलेल्या फाइलींवर कधीच विसंबू नका. मॅकओएस सिएरा (१०.१२, २०१६) पासून, इंटरनेटवरून उतरवलेलं आणि फाइंडरने दुसरीकडे न हलवलेलं अॅप सिस्टिम एका यादृच्छिक नावाच्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेतून चालवू शकते. पाथ खरा असतो, पण शेजारी ठेवलेली फाइल तिथे नसते. विकसकाच्या मशीनवर हे सहसा दिसत नाही, कारण स्वतः बनवलेल्या अॅपवर क्वारंटाइनची (इंटरनेटवरून आल्याची) खूण नसते.

पायरी ६: बीएसडी आणि सोलारिस

फ्रीबीएसडीवर प्रॉक सहसा माउंट केलेलं नसतं. सिसकंट्रोल या कर्नलकडून माहिती घेणाऱ्या फंक्शनला चार आकड्यांची यादी द्या: सीटीएल-कर्न, कर्न-प्रॉक, कर्न-प्रॉक-पाथनेम आणि -१. शेवटचा आकडा म्हणजे "मी स्वतः". १०२४ बाइटचा बफर पुरतो. सोलारिसवर गेट-एक्झेक-नेम आहे. ते सापेक्ष पाथ देऊ शकतं, म्हणून प्रोग्रॅमने वर्किंग डिरेक्टरी बदलण्याआधीच तो गेट-सीडब्ल्यूडीने मिळणाऱ्या फोल्डरला जोडून घ्या.

ओपनबीएसडीवर कर्नलकडून खात्रीचा पाथ मिळत नाही. तिथे शेलने जे केलं असेल तेच पुन्हा करावं लागतं. आर्गव्ही[०] मध्ये तिरकी रेष असेल तर तो पाथ वर्किंग डिरेक्टरीला जोडा. नसेल तर पाथ व्हेरिएबलमधल्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्या नावाची, चालवता येणारी साधी फाइल शोधा. त्या यादीत फोल्डर वेगळी करणाऱ्या दोन कोलनच्या (:) मध्ये काहीच नसेल तर त्याचा अर्थ चालू फोल्डर. हा अंदाज आहे, म्हणून सापडलेल्या जागी तुमची एखादी ओळखीची डेटा फाइल आहे का हे पाहिल्याशिवाय तो स्वीकारू नका.

पायरी ७: भाषेची सोय आहे का पाहा

सी आणि सी++ सोडून इतर बहुतेक ठिकाणी वरचं काम कुणीतरी आधीच केलेलं आहे, आणि ते वापरावं. गो भाषेत १.८ पासून ओएस-एक्झिक्युटेबल. सिमलिंकच्या बाबतीत ते सिस्टिमनुसार वेगळं वागतं. "गो रन" ने चालवलं तर तात्पुरत्या फोल्डरचा पाथ येतो आणि नवशिके हमखास गोंधळतात. रस्टमध्ये करंट-एक्झी. डॉटनेट ६ पासून एन्व्हायरन्मेंट-प्रोसेसपाथ. जुनी असेंब्ली-लोकेशनची सवय सोडा, कारण सगळं एका फाइलमध्ये पॅक केलं की ती रिकामी स्ट्रिंग देते. क्यूटीमध्ये अॅप्लिकेशन-फाइल-पाथ आहे.

पायथॉनमध्ये सिस-एक्झिक्युटेबल म्हणजे इंटरप्रिटर, तुमची स्क्रिप्ट नाही. स्क्रिप्टसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं "फाइल". पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रॅम पॅक करणारं साधन) एक फाइल केली असेल तर सिस-एक्झिक्युटेबल हीच ती फाइल, पण आतला डेटा तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडलेला असतो आणि त्याचा पाथ सिस-मीपासमध्ये (मीपासआधी एक अंडरस्कोअर) मिळतो. जावामध्ये प्रोसेसचा पाथ विचारला तर जावाचाच येतो. जारचा (जावा प्रोग्रॅमची पॅक केलेली फाइल) हवा असेल तर क्लासच्या कोडसोर्सचं लोकेशन घ्या, आणि ते यूआरआयमधून फाइलमध्ये बदला. यूआरएलचा मजकूर सरळ वापरलात तर स्पेसच्या जागी टक्केवारीचं चिन्ह आणि २० येईल आणि फाइल सापडणार नाही.

पायरी ८: सिमलिंक उलगडायची का

याला सरसकट उत्तर नाही. होमब्रू या पॅकेज मॅनेजरमध्ये "बिन" फोल्डरात नुसत्या सिमलिंक असतात आणि खरी फाइल सेलर नावाच्या फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरात. आपल्या डेटा फाइली शोधायच्या तर सिमलिंक उलगडावी. पण तोच उलगडलेला पाथ एखाद्या सेटिंगमध्ये किंवा लॉगिनला आपोआप सुरू होण्याच्या यादीत लिहिलात, तर पुढच्या अपडेटनंतर जुन्या क्रमांकाचं फोल्डर जातं आणि नोंद मोडते. कायम लिहून ठेवायचा असेल तर न उलगडलेला पाथ चांगला.

पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट याहून बोलकं उदाहरण. युनिक्सवर त्यातला पायथॉन बहुधा सिमलिंकच असतो, आणि आपण एन्व्हायरन्मेंटमध्ये आहोत हे तो त्या न उलगडलेल्या पाथच्या आसपासची कॉन्फिग फाइल पाहून ओळखतो. सिमलिंक उलगडून तो पाथ पुढे चालवलात, तर मूळ पायथॉन सुरू होतो आणि बसवलेली पॅकेजेस दिसेनाशी होतात.

विंडोजवर पाथ कुठे कमांड म्हणून लिहित असाल तर अवतरणचिन्हांत लिहा. "प्रोग्रॅम फाइल्स" मधल्या स्पेसमुळे, अवतरणचिन्ह नसेल तर विंडोज आधी सी ड्राइव्हवर "प्रोग्रॅम" नावाची डॉट एक्झी फाइल शोधते.

पायरी ९: पाथवरून डेटापर्यंत

पाथ मुख्य फंक्शनच्या सुरुवातीलाच, एकदाच घ्या आणि साठवा. नंतर वर्किंग डिरेक्टरी बदलते, फाइल पुसली जाते, प्रॉक दिसेनासं होतं. मग फाइलनाव काढून फोल्डर घ्या. लिनक्सवर "बिन" च्या शेजारी "शेअर" अशी रचना असेल तर एक पातळी वर जाऊन "शेअर/नाव". विंडोजवर सहसा त्याच फोल्डरात. डेटा सापडला नाही तर बिल्डच्या वेळी ठरवलेला पाथ पाहा, आणि एखाद्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने तो बदलता येईल अशी सोय ठेवा. पॅकेज बनवणारे त्यासाठी तुमचे आभार मानतील.

त्या फोल्डरात लिहू मात्र नका. प्रोग्रॅम फाइल्स किंवा "/यूएसआर" मध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. सेटिंग्ज विंडोजवर अॅपडेटामध्ये, मॅकवर होममधल्या "लायब्ररी/अॅप्लिकेशन सपोर्ट" मध्ये, लिनक्सवर एक्सडीजी-कॉन्फिग-होममध्ये. ते व्हेरिएबल नसेल तर होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये.

सेटयूआयडी किंवा प्रशासकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम असेल, तर शेजारची फाइल "आपलीच" समजून चालवू नका. हल्लेखोर स्वतःच्या फोल्डरात तुमच्या एक्झिक्युटेबलची हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) बनवून शेजारी खोटा सहायक प्रोग्रॅम ठेवू शकतो, आणि कर्नल सांगेल तो पाथ त्याच फोल्डरचा असेल. लिनक्स ३.६ पासून हार्ड लिंकवर निर्बंध घालायची सोय आहे, पण ती प्रत्येक मशीनवर चालू असेलच असं धरू नका. अशा प्रोग्रॅममध्ये पाथ बिल्डच्या वेळीच पक्का करावा.

पायरी १०: तपासणी

एक छोटा प्रोग्रॅम करा, फक्त पाथ छापणारा. तो पूर्ण पाथ देऊन चालवा, दुसऱ्या फोल्डरमधून सापेक्ष पाथने चालवा, पाथ व्हेरिएबलमधून नुसत्या नावाने चालवा, सिमलिंकवरून चालवा. स्पेस आणि देवनागरी नाव असलेल्या फोल्डरात ठेवून चालवा. २६० अक्षरांपेक्षा खोल फोल्डरात ठेवून चालवा. फाइल मॅनेजरमधून डबल क्लिक करा, तेव्हा उत्तर लॉग फाइलमध्ये लिहा, कारण टर्मिनल नसेल. लिनक्सवर मधेच एक मिनिट थांबणारी आवृत्ती करा आणि त्या मिनिटात फाइल पुसा. बॅशच्या "एक्झेक -ए" ने खोटं नाव द्या; पाथ बदलला, तर कुठेतरी अजून आर्गव्ही[०] वापरलं जातंय.